खोलीची बोली

भिवंडीत सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत सुताची पांढरी लव येऊन बसते. कुणी आणून टाकत नाही, ती आपली जमते. आमच्या ऑफिसातले किस्सेही असेच जमले. परवा आम्ही जुनी मंडळी जेवायला भेटलो. भास्करनं एक सुरू केला, त्यावरून मला दुसरा आठवला, आणि बिर्याणी गार झाली तरी आमचं संपेना. वेटर खुर्ची ओढून ऐकायला बसायचाच काय तो बाकी राहिला!

ऑफिस म्हणजे कल्याण नाक्याजवळची एक छोटी ट्रॅव्हल एजन्सी. जिना चढून पहिला मजला. खाली सुताचं दुकान, मागच्या गल्लीत दिवसरात्र खटखटणारे कापडाचे लूम. मालक रफीकचाचा, भिवंडीचेच कोकणी मुसलमान. घराण्यात पिढ्यानपिढ्या सुताचा व्यापार, पण चाचांना प्रवासाची हौस, म्हणून हा धंदा. स्टाफ म्हणजे मी, वैशाली, आणि जवळच्या अंजूर गावचा भास्कर. मी ठाण्याला तिकिटिंगचा कोर्स करून आलेली. भास्कर कंप्युटर उघडून, जोडून, पुन्हा उघडून शिकलेला.

साल असेल दोन हजार पाच-सहा. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, आणि त्याच्यामागोमाग आमच्याकडे आली बोलीची साईट. तुम्ही शहर सांगायचं, शहरातला भाग सांगायचा, किती स्टारचं हॉटेल हवं ते सांगायचं आणि आपला भाव बोलायचा. एखाद्या हॉटेलला तो परवडला तर साईट 'हो' म्हणणार. पैसे कार्डवरून कट, आणि मगच हॉटेलचं नाव कळणार! आवडलं नाही तरी परत मिळणार नाहीत. 'नाही' म्हणाली, तर त्याच मागणीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे लूमवाले शेठ. नव्या मशिनची प्रदर्शनं बघायला चीन, इटली करणारे. भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही न घेणारे लोक. त्यांना ही साईट म्हणजे आपलीच वाटली!

*

पहिली बोली चाचांनी स्वतःसाठी लावली. दुबईला जायचं होतं.

चाचा सुताचा भाव करायचे तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. इथे बघणार कुणाच्या डोळ्यांत? त्यांनी खुर्ची स्क्रीनच्या अगदी जवळ ओढली, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "बेटा, नेहमीच्या भावाच्या निम्मा टाक."

मी टाकला. साईटनं तिथल्या तिथे नकार दिला.

"सोचा भी नहीं!" चाचा उखडले. "बदतमीज! सूतवाला नाही म्हणायच्या आधी निदान चहा तरी मागवतो!"

दुसऱ्या दिवशी थोडं वाढवून टाकलं. यावेळी तिथल्या तिथे होकार! मी टाळ्या वाजवल्या. भास्कर पेढे आणायला निघाला. चाचांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय झालं चाचा? मिळाली की खोली!"

"लगेच हो बोलला ना," चाचा म्हणाले. "म्हणजे आपण जास्त बोललो!"

दुबईहून परत येईपर्यंत त्यांना ते लागून राहिलं.

*

नकार आला की दिवसभर थांबायचं, हे भास्करला काही केल्या पटेना. खटपट करून त्यानं एक वाट शोधली. मागणी थोडी बदलली तर साईट लगेच पुन्हा बोली लावू देते. मग ज्या भागात त्या दर्जाचं एकही हॉटेल नाही, तोच भाग मागणीत जोडायचा! साईटला वाटतं, गिऱ्हाइकानं मागणी बदलली. हॉटेल मात्र मिळणार आपल्याला हव्या त्याच भागात.

शेठ लोकांना समजावं म्हणून त्यानं एक इथलं उदाहरण तयार केलं होतं.

"समजा, शेठ, तुम्हाला ठान्यात फाइव्ह स्टार पायजे. बोली लावली, तो न्हाय बोलला. आता आपण लिवायचं, ठाना नायतर अंजूर. अंजूरला फाइव्ह स्टार हाय? न्हाय! मंग देनार तर ठान्यातलंच देनार ना? पन बोली पुन्ना लावाला भेटली!"

एका सेकंदात डोक्यात शिरायचं सगळ्यांच्या.

एकदा समोर बसले होते पांडूशेठ. खाडीकडच्या आपल्या शेतांवर गोडाऊन बांधून शेठ झालेले, आणि खुद्द अंजूरचे! भास्कर आपल्या नादात. "अंजूरला फाइव्ह स्टार हाय? न्हाय!"

पांडूशेठ खुर्चीतून उठलेच. "कोन बोलतं न्हाय?"

"काका, तसं न्हाय, ह्ये आपलं उदाहरनासाठी..."

"उदाहरनाला वडपा घे! अंजूरला होनार हाय फाइव्ह स्टार. जागा माझी हाय, नाव पन मीच ठेवनार!"

त्या दिवसापासून भास्कर उदाहरणात वडपे गाव घ्यायला लागला. वडप्याचे शेठ येईपर्यंत!

*

त्या वर्षांतलं भिवंडीचं लोडशेडिंग आठवतं का? त्याचं वेळापत्रक असायचं, पण ते बहुतेक लाईटला कुणी दाखवलं नव्हतं.

हमीदशेठांना इटलीला मशिनच्या प्रदर्शनाला जायचं होतं. जुने लूम काढून नवे घालायचं स्वप्न होतं त्यांचं. प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलं भरतात, त्यामुळे बोली जपून लावायची होती. बराच विचार करून आकडा ठरला. मी बटण दाबलं, आणि मागच्या गल्लीतले लूम एकदम थांबले. पंखा थांबला. स्क्रीन काळा. यूपीएसनं जरा कुईकुई केलं आणि मान टाकली.

आता बोली लागली की नाही? पुन्हा लावावी, तर पहिलीही लागलेली असली म्हणजे? एका माणसाला इटलीत दोन खोल्या!

"अंजूरफाट्याला लाईट आसंल," भास्कर म्हणाला. हमीदशेठ आणि मी रिक्षात. अंजूरफाट्याच्या सायबरमध्ये खुर्चीवर टेकतो न टेकतो, तोच तिथली गेली. आणि चाचांचा फोन: "इथे आली! परत या!"

परत रिक्षा. जिना चढता चढता लूमची खटखट ऐकू आली तेव्हा हमीदशेठांच्या जिवात जीव आला. कंप्युटरनं सुरू व्हायला त्यानंतरही आपला वेळ घेतलाच. मेल उघडला: बोली लागलेली, एकच खोली, आणि हॉटेल प्रदर्शनाच्या समोर!

हमीदशेठ घाम पुसत म्हणाले, "जिंदगीभर लाईटची वाट बघितली, ती कामासाठी. झोपायच्या खोलीसाठी आज पहिल्यांदा!"

*

गणेशपुरीच्या आश्रमात येणारी परदेशी मंडळी आमच्याकडे तिकिटांना यायची. त्यांत एक आनाबाई. बऱ्याच वर्षांपासून येऊन-जाऊन. मराठी शिकली होती ती गणेशपुरीच्या भाजीवाल्या बायकांकडून, त्यामुळे तिचं सगळं मराठी भाजीबाजाराचं. आत आली की पहिलं वाक्य, "ताई, आज काय ताजं?"

पहाटेचं विमान होतं तिचं. मुंबईत विमानतळाजवळ एका रात्रीची खोली हवी होती. मी साईट समजावून सांगितली. बाई खूश! तिनं आपला भाव सांगितला, मी टाकला, साईट म्हणाली नाही.

"शेवटचा भाव काय?" आनाबाईनं विचारलं.

"ती नाही सांगत, आनाबाई. आपणच बोलायचं."

"असं?" म्हणून बाई उठली. पिशवी खांद्याला अडकवली आणि शांतपणे दाराकडे चालायला लागली.

"अहो, कुठे निघालात?"

"थांब ताई," ती हळूच म्हणाली. "मी दारापर्यंत जाते. मग ती परत बोलावते."

चाचांनी तोंडावर रुमाल धरला. भास्कर टेबलाखाली वायर शोधायला वाकला. आणि मी स्क्रीनकडे पाहिलं तर तिथे कधी नव्हे ती नवी ओळ आली होती: आपण भाव थोडा वाढवलात तर आम्ही पुन्हा विचार करू.

साईटनं खरंच हाक मारली होती!

"बघ," आनाबाई दारातून म्हणाली, "सगळ्या बोलावतात."

*

वडप्याच्या धर्माबाबांच्या मुलांनी वडिलांना परदेश दाखवायचं ठरवलं. बाबांचं आयुष्य भाताच्या खाचरांत गेलेलं, विमान पाहिलेलं ते डोक्यावरून जाताना. ठरलं बँकॉक. मुलांना बाजार, लायटिंग, सगळं जवळ हवं होतं. बोली भास्करनं लावली आणि शहराच्या मध्यभागाऐवजी चुकून खूण केली विमानतळाच्या भागावर! होकार आला, पैसे कट झाले, हॉटेलचं नाव आलं, आणि भास्करचा चेहरा पडला. हॉटेल विमानतळाला चिकटून. शहर तिथून कुठल्या कुठे!

मुलं चिडली, पण करतात काय! गेली तशीच.

परत आल्यावर सगळे ऑफिसात हजर. पुढे मुलं, मागे धोतर-टोपीतले धर्माबाबा. भास्करनं मला खुणेनं विचारलं, मागच्या जिन्यानं जाऊ का? मागे जिना नव्हता.

तेवढ्यात बाबाच मुलांना बाजूला सारून पुढे आले.

"ती खोली कोनी घेतली?"

"मी, बाबा," भास्कर पुटपुटला.

"पोरं रोज बाजारात जायची. मी खिरकीत बसून ऱ्हायाचो," बाबांचे डोळे लकाकत होते. "सकालपासून इमानं उतरतान, चरतान. येवरी इमानं! पन एक दुसऱ्याला आपटला न्हाय!"

भास्करनं हळूच आपली खुर्ची बाबांपुढे सरकवली.

"पुढल्या टायमाला पन तीच खिरकी पायजे," बाबा म्हणाले. "पोरांना दुसरीकरं ठेव!"

*

हमीदशेठ आणि गोविंदशेठ हे जुने दोस्त आणि त्याहून जुने स्पर्धक. दोघांचे लूम एकाच गल्लीत. चीनच्या प्रदर्शनासाठी दोघांनीही आमच्याकडून बोली लावली, एकानं सकाळी, एकानं संध्याकाळी, एकमेकांना न सांगता. आणि दोघांना नेमकं एकच हॉटेल लागलं!

सकाळी नाश्त्याला जातात, तर समोर कोण? मग पहिला प्रश्न कोणता असणार?

"तुला कितीला पडली?"

हमीदशेठांनी खऱ्यापेक्षा कमी सांगितलं. गोविंदशेठांनी त्याहून कमी. दुसऱ्या सकाळी हमीदशेठांना आठवलं की त्यांना तर आणखी डिस्काउंट मिळालं होतं. गोविंदशेठांनाही लगेच आठवलं. रोज सकाळी टोस्टबरोबर भाव उतरत गेला.

परत आल्यावर दोघं एकत्रच ऑफिसात आले. चाचांनी विचारलं, "मग, शेवटी कुठे थांबलात?"

"मी बोललो, मला फुकटात दिली," हमीदशेठ म्हणाले.

"आणि तुम्ही?"

गोविंदशेठ चहा फुंकत म्हणाले, "मी बोललो, मला वरून पगार चालू केला!"

*

आणि आता वसंतकाका.

वसंतकाका एसटीत कंट्रोलर होते. डेपोच्या माईकवरून गाड्या पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाले तरी घरातही तसंच बोलायचे, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं. त्यांची एकुलती मेघा नर्स होऊन सिंगापूरला गेली. तिकडेच एका मुलाशी तिनं लग्न केलं आणि लग्न झाल्यावर घरी फोन केला. काकांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि त्यानंतर तिचा फोन कधी घेतलाच नाही. बोलायच्या त्या फक्त शालिनीकाकू.

मग मेघाला मुलगी झाली. काकू म्हणाल्या, "मी जाणार."

काका म्हणाले, "एकटी कशी जाशील? मी येतो. पण तिच्या घरी उतरणार नाही. आपली खोली घेऊन राहू."

पासपोर्ट काढले. कुणीतरी आमच्या साईटचं नाव सांगितलं. काका आले, समोर ताठ बसले आणि एक आकडा सांगितला.

"काका, एवढ्यात तिथे सायकल ठेवायला जागा मिळणार नाही."

"टाक तर खरं."

टाकला. नकार आला. मला वाटलं काका चिडतील. पण त्यांच्या कपाळावरची शीर सैल झाली. "नाही म्हणाला ना? ठीक आहे. त्याची मर्जी." आरामात चहा घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुन्हा तोच आकडा, पुन्हा नकार, पुन्हा तोच निवांत चहा. असं रोज सुरू झालं. भास्करनं आपली युक्ती सांगितली, भाग जोडू, आत्ताच्या आत्ता दुसरी बोली लावू. काका घाईघाईनं म्हणाले, "नको नको, उद्या बघू."

ते जिना उतरल्यावर भास्करनं त्यांचा रिकामा कप उचलला. मग म्हणाला, "वैशाली, ह्यो मानूस मुद्दाम हराला बोली लावतो."

एके दिवशी सकाळी काकू एकट्याच आल्या. हातात भाजीची पिशवी. बसल्यासुद्धा नाहीत.

"रोज किती टाकतात हे?"

मी सांगितलं.

"दुप्पट टाक."

"काकू, काका रागावतील..."

"रागावू देत. विमानात रागावतील."

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी आपल्या खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. दुप्पट टाकलं, आणि होकार आला. काकूंनी हॉटेलचं नाव विचारलं नाही. पिशवी उचलली आणि गेल्या.

दुपारी काका नेहमीच्या वेळी आले. मी प्रिंटआऊट पुढे सरकवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"लागली?"

"लागली, काका. काकू आल्या होत्या."

चहा आला, तसाच निवला. मग म्हणाले, "या हॉटेलपासून तिचं घर किती लांब?"

मी नकाशा काढून दाखवला. पत्ता त्यांना तोंडपाठ होता, ब्लॉकच्या नंबरासकट!

"म्हणजे चालत जाता येईल?"

"आरामात, काका."

त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. दारापर्यंत गेले आणि थांबले. "वैशाली, एवढ्या लहान बाळाला काय घेऊन जातात गं?"

"झबलं न्या, काका. आपल्याकडचं सुती."

"भिवंडीचा माणूस, आणि मला कापड सुचलं नाही!" असं म्हणून जिना उतरले.

दोघं गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं, तर हॉटेलचा मेल येऊन पडला होता. पाहुणे आलेच नाहीत.

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली दोन म्हातारी माणसं! चाचांनी एअरलाइनला फोन लावला. विमान वेळेवर उतरलेलं, दोघंही उतरलेले. मग गेले कुठे? टॅक्सीवाल्यानं भलतीकडे नेलं? विमानतळावरच बसून राहिले? की काका उलट्या पावली फिरले? मेघाचा फोन नंबर काकूंच्या पर्समध्ये, आणि पर्स सिंगापुरात! भास्कर हॉटेलला पुन्हा पुन्हा फोन लावत होता. त्या दिवशी आम्ही एकही तिकीट काढलं नाही. दुपारचे डबे तसेच राहिले.

मग टेबलावरचा फोन वाजला. नंबर बाहेरच्या देशातला. मी झडप घातली.

"वैशाली का? मी वसंतकाका."

आवाज मला ओळखूच आला नाही, इतका हळू होता.

"काका! जोरात बोला, ऐकू येत नाही!"

"जोरात नको," ते आणखी खालच्या आवाजात म्हणाले. "आत्ताच झोपलीय. खांद्यावर आहे माझ्या. ऐक, आमचं परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का?"

"येईल, काका, येईल! पण तुम्ही होता कुठे? इथे आमचा जीव टांगणीला लागलाय! हॉटेलवाले तुमची वाट बघतायत. त्या खोलीचं काय करू?"

पलीकडे काही वेळ फक्त बाळाच्या पाठीवर थोपटल्याचा आवाज येत राहिला.

मग काकांनी विचारलं, "कुठली खोली?"